अधिक-उणे

एकशे चौदा पायऱ्या चढून गेलो तेव्हा
नेवेन्काबाई दारातच म्हणाल्या,
टीव्ही नवा आहे, माणसं जुनी आहेत,
बूट काढू नका, फरशी गार आहे.

रियेकात घरं डोंगराला अशी बिलगलेली
की एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण.
खाली बंदर. क्रेन उभ्या.
त्यांतली तिसरी तोनचीने एकतीस वर्षं चालवली.
आता तो खुर्चीत बसून मला सांगतो
कुठली तार कुठे जाते.
चुकीचं सांगतो.

मुलाने गोटेबर्गहून पैसे पाठवले,
त्यातून हा पडदा आला, पाटीसारखा पातळ.
एवढ्याशा अंगात आवाज कुठून मावणार,
जुने स्पीकर जोडून द्या, म्हणून मी.

कपाटामागे हात घातला:
अकरा वर्षांची धूळ, वाळका वाटाणा,
एक कानातलं
(ते मुकाट्याने खिडकीत ठेवलं),
आणि केबलींचा असा गुंता
की कोण कुणाची, त्यांनाही आठवत नसावं.
एचडीएमआय इकडे. ऑप्टिकल तिकडे,
तिच्या टोकाशी लाल उजेड,
टाचणीच्या डोक्याएवढा,
पण त्यातून अख्खा वाद्यवृंद जातो.
तोनची म्हणाला, विझव तो, वीज खातो.

चित्र लागलं. आवाजही लागला.
पण बातम्या देणारी बाई समोर नव्हतीच.
ती भिंतीत होती, पडद्याआड होती,
वाटेल तिथे होती, मधली जागा सोडून.
ढोल वाजला तर नुसती टिचकी.
"असंच असतं," दोघंही म्हणाले.
दोघं एकदम एकच बोलले,
हे त्या दुपारी पहिल्यांदा.

मी जाळ्या काढल्या.
खिशातला दीड व्होल्टचा सेल
उजव्याच्या तारांना टेकवला:
कागदी पडदा पुढे आला.
डाव्याला टेकवला: मागे गेला.
एक श्वास घेतो तेव्हा दुसरा सोडतो.
बिघाड कुणातच नाही,
छत्तीसचा आकडा तेवढा पक्का.

"तांबडी तार काळ्यात कुणी घातली?"
तिने, तोनची म्हणाला.
आणि टॉर्च कुणी धरला होता, ती म्हणाली.
मग अकरा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ
मला अथपासून इतिपर्यंत ऐकावी लागली:
पाहुणे, करपलेला मासा, डगमगती शिडी,
आणि तिची बहीण,
जी त्यानंतर कधी आली नाही.
मी पक्कड धरून कपाटामागेच बसून राहिलो.
तिथे बरं होतं.

शेवटी दोन टोकं सोडवली,
अदलाबदल केली, स्क्रू आवळले.
पाच मिनिटांचं काम, पैसे तासाचे.

बातम्यांची बाई आली.
आली ती थेट गालिच्यावर,
दोघांच्या बरोब्बर मध्ये उभी राहिली.
आवाजाला पोट आलं. कपाटातले पेले शहारले.

नेवेन्काबाई जरा सरकल्या.
"कुणीतरी आहे इथे."
"आवाज आहे, बाई."
"तेच म्हणतेय."
तोनचीने रिमोट मांडीवर पालथा घातला.
मी विचारलं, पूर्वीसारखं करून देऊ?
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं,
किती दिवसांनी, तो हिशोब माझ्याकडे नाही.

"राहू दे," तो म्हणाला, "आठवडाभर."
ती म्हणाली, "रविवारपर्यंत."

उतरताना बुरा सुटला होता,
इथला डोंगरवारा, टोपी ठेवत नाही डोक्यावर.
वरून खिडकीतून ती बाई हवामान सांगत होती,
शब्द न् शब्द स्वच्छ,
साठाव्या पायरीपर्यंत ऐकू आला.
तिथे आठवलं, सेल राहिला वर.
आणि ते कानातलं कुणाचं,
हे मी विचारलंच नाही.

एवढ्यात आवाज थांबला.
कुणीतरी खिडकीशी गेलं असावं.